मित्राबरोबर भाड्याचं पहिलं घर : बजेट कसं मांडायचं?

नवखा_भाडेकरू
आम्ही दोघे मित्र मिळून पहिल्यांदाच घर भाड्याने घेतोय. दोन बेडरूम. एक मोठी, तिला जोडून बाथरूम. दुसरी लहान, तिचा बाथरूम पॅसेजमध्ये आणि तोच पाहुण्यांचाही.

आतापर्यंत कागदावर उतरवलंय ते असं: भाडं निम्मं-निम्मं, वीज-पाणी-इंटरनेट निम्मं-निम्मं, डिपॉझिट निम्मं-निम्मं, खाणंपिणं ज्याचं त्याचं. माझ्या वाट्याचं भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या २४ टक्के होतं, म्हणजे परवडतंय असं दिसतं.

प्रश्न तीन.
१) खोल्या सारख्या नसताना निम्मं-निम्मं योग्य का?
२) कुठलं खातं माझ्या यादीतून सुटलंय?
३) पहिल्या महिन्यात हातात किती रक्कम असावी?

आकडे चलनात न देता भाड्याच्या पटीत किंवा टक्क्यांत दिलेत तर बरं, इथे वाचणारे कुठून कुठून असतात.

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे हाच विषय महिन्याभरात निघणार आहे.

जमाखर्च
तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिल्यांदा घर घेणारे तिथेच अडकतात. महिन्याचं बजेट वेगळं आणि घरात शिरण्याचं बजेट वेगळं. हा दुसरा कागद बहुतेकजण करतच नाहीत.

महिन्याचं पूर्ण भाडं १०० धरा. उदाहरणापुरते आकडे घेतो, तुमच्याकडचे तुम्ही घाला. डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे २००. पहिलं भाडं आगाऊ, १००. दलाली ५०. कराराचा कागद आणि शुल्क १०. सामान हलवणं २०. जुन्या जागेचं आणि नव्या जागेचं भाडं पंधरा दिवस एकावर एक येतं त्याचे ५०. सुरुवातीची खरेदी ९०. बेरीज ५२०. दोघांत वाटलं तर प्रत्येकी २६०, म्हणजे तुमच्या महिन्याच्या वाट्याच्या (५०च्या) पाच पटींहून जास्त. "माझा वाटा परवडतो" म्हणणाऱ्याकडे पहिल्या दिवशी ही रक्कम रोख असते का, हा खरा प्रश्न.

यातले २०० खर्च नव्हेत, अडकलेले पैसे आहेत. ते वेगळ्या रकान्यात ठेवा. बाकीचे ३२० परत येत नाहीत. दोन्ही एकत्र मांडलं की एकतर उगाच घाबरायला होतं किंवा डिपॉझिट "मिळणारच आहे" म्हणून खरेदीवर हात सैल सुटतो.

दुहेरी भाड्याचे पंधरा दिवस वाचवण्याच्या नादात एका दिवसात सगळं हलवायला जाऊ नका. रिकाम्या घरात दोन-तीन दिवस जाऊन नळ, ड्रेनेज, प्लग तपासता आले तर ते पैसे वसूल होतात.

आळशी_बोका
थोडक्यात, घरात शिरायच्या आधीच घराबाहेर पडण्याइतके पैसे संपतात.

कलम_सतरा
धागाकर्ते, तुमचा २४ टक्के हा आकडाच मला मान्य नाही.

करारावर दोघांची नावं असतील आणि त्यात भाड्याची जबाबदारी "संयुक्तपणे आणि पृथकपणे" असं कलम असेल, तर घरमालकाच्या दृष्टीने तुम्ही निम्मे-निम्मे भाडेकरू नसता. तो पूर्ण भाडं दोघांपैकी कोणाकडेही मागू शकतो. निम्मं-निम्मं ही तुमची आपसातली वाटणी, मालकाला तिच्याशी देणंघेणं नसतं. त्यामुळे तुमचा धोक्याचा आकडा ४८ टक्के आहे. मित्राचा पगार एक महिना लांबला तर तो आकडा कागदावरून उतरून तुमच्या खात्यात येतो.

म्हणून बजेटमध्ये पहिली ओळ ही टाका: राखीव रक्कम, एका महिन्याच्या पूर्ण भाड्याएवढी, प्रत्येकाने आपापल्या खात्यात वेगळी ठेवलेली. आपल्या वाट्याएवढी नाही. दोघांनी ठेवली तर कोणीही एक अडला तरी घर एक महिना चालतं आणि कोणाला कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

करार एकाच्याच नावावर असेल तर चित्र आणखी वाईट. नाव असलेल्यावर सगळं ओझं, आणि दुसऱ्याकडे त्या घरात राहण्याचा स्वतःचा कागदच नाही. दोघांची नावं, दोघांच्या सह्या, दोघांकडे प्रत.

तिरपी_खिडकी
@कलम_सतरा, इतका अविश्वास असेल तर मित्राबरोबर राहायचंच कशाला?

कलम_सतरा
यात अविश्वास कुठे आला? पगार लांबणं, आजारपण, दुसऱ्या गावी बदली हे सगळं अगदी भरवशाच्या माणसालाही होतं. राखीव रक्कम नसली की त्या वेळी मित्राला उसने देणं किंवा मालकाशी तोंड वाईट करणं एवढे दोनच पर्याय उरतात.

जमाखर्च
कलम_सतरा यांना +१. आधी एकमेकांना विचारायच्या गोष्टीही लिहून ठेवा: महिन्याला किती हप्ते जातात, पगार कुठल्या तारखेला होतो, नोकरी बदलायचा विचार आहे का, वर्षभरात गाव सोडायची शक्यता किती. पगाराचा आकडा सांगायचा नसेल तर नका सांगू, पण "हप्ते आणि भाडं वजा जाता किती उरतं" हे सांगायला हरकत नसावी.

चांदणचुरा
अवांतर: भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत हवं, हे सगळीकडे वाचायला मिळतं. तो काही अर्थशास्त्राचा शोध नाही. अमेरिकेत सरकारी घरांसाठी १९६९ मध्ये भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली, आणि तिथून तो आकडा जगभरच्या सल्ल्यांत शिरला. कमी पगाराच्या माणसाला ३० टक्के भाडं देऊन उरलेल्या ७० मध्ये भागत नाही, आणि भरपूर पगारवाल्याला ४० देऊनही काही फरक पडत नाही. टक्का बघण्यापेक्षा उरलेली रक्कम बघा. शिवाय टक्का काढताना भाड्यात वीज, पाणी, मेंटेनन्स आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च मिळवा. स्वस्त पण लांबचं घर या बेरजेत बऱ्याचदा महाग निघतं.

अधिक_उणे
आता प्रश्न पहिला. खोल्या असमान आहेत तर क्षेत्रफळाने वाटणी करा. टेप घेऊन मोजा. समजा घर ६० चौरस मीटर. मोठी खोली १४ आणि तिचा बाथरूम ४, मिळून १८. लहान खोली १०. उरलेले ३२ सामाईक, ते प्रत्येकी १६. मोठ्या खोलीवाल्याकडे १८ + १६ = ३४, दुसऱ्याकडे १० + १६ = २६. टक्क्यांत ५६.७ आणि ४३.३, म्हणजे ५७:४३ धरा.

अनेकजण नुसत्या खोल्यांचं प्रमाण लावतात, १८ : १०. त्याने मोठ्या खोलीवर ६४ टक्के येतात, आणि हे चूक आहे, कारण स्वयंपाकघर आणि हॉल दोघे सारखाच वापरतात.

तिरपी_खिडकी
क्षेत्रफळाला उजेड कळत नाही. मोठी खोली रस्त्यावर असेल, रात्रभर हॉर्न, आणि दुपारी पश्चिमेचं ऊन भिंतीवर, तर १८ चौरस मीटरचं काय करायचं? लहान खोलीला आडवा वारा असेल तर मी जास्त भाडं देऊन ती घेईन.

अधिक_उणे
रास्त मुद्दा. त्यासाठी बंद चिठ्ठ्या. भाडं १००. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर दोन्ही खोल्यांची स्वतःच्या लेखी किंमत लिहायची, बेरीज १००च हवी. समजा एकाने मोठीला ५८ आणि लहानला ४२ लिहिले, दुसऱ्याने ५४ आणि ४६. मोठी ज्याने जास्त लिहिले त्याला. भाडं दोघांच्या आकड्यांच्या मधलं, म्हणजे ५६. दुसरा लहान खोलीला ४४ देतो. आता बघा, पहिल्याला ५८ ची वाटणारी खोली ५६ ला मिळाली, दुसऱ्याला ४६ ची वाटणारी ४४ ला. दोघेही दोन-दोनने खूश, आणि कोणी कोणावर उपकार केलेले नाहीत.

तीन-चार जण असतील तर हेच गणित अवघड होतं. फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये स्पर्नर या गणितज्ञाच्या १९२८ सालच्या एका लेमाच्या (साहाय्यक प्रमेयाच्या) आधारे दाखवलं की काही साध्या अटी पाळल्या तर खोल्या आणि भाडं असं वाटता येतं, की कोणालाच दुसऱ्याची खोली तिच्या भाड्यासकट हवीशी वाटणार नाही. त्रिकोणाचे छोटे त्रिकोण पाडून शिरोबिंदूंना नावं देत जायचं, अशी ती सिद्धता आहे. वाचायला मजा येते.

आळशी_बोका
एवढी त्रिकोणमिती करण्यापेक्षा "मी कापतो, तू निवड". एकाने भाड्याचे दोन भाग पाडायचे, दुसऱ्याने खोली उचलायची. दोन मिनिटांचं काम.

अधिक_उणे
चालतं, पण त्यात एक खोच आहे. कापणाऱ्याला माहीत असेल की मित्राला मोठी खोली हवीच आहे, तर तो ६२ आणि ३८ असे कापेल आणि मित्र तरीही मोठीच घेईल. जो निवडणाऱ्याला ओळखून आहे त्याचा फायदा. आणि मित्र एकमेकांना ओळखतातच.
(हो, आणि ती त्रिकोणमिती नव्हे :) )

घरघर
पगाराच्या प्रमाणात वाटणीबद्दल कोणीच बोललं नाही. एकाचा पगार १००, दुसऱ्याचा ६०, भाडं ४०, तर २५ आणि १५.

चांदणचुरा
नवराबायकोत ठीक. मित्रांत नको. एकाला बढती मिळाली की दुसऱ्याचं भाडं आपोआप कमी होतं, मग दर वर्षी पगाराच्या चिठ्ठ्या टेबलावर. फरक खूपच असेल तर कमी पगारवाल्याने लहान खोली घ्यावी आणि घरच थोडं स्वस्त बघावं. घराचं बजेट कमी पगारवाल्याच्या कुवतीवर ठरवायचं, दोघांच्या सरासरीवर नाही.

वॉटमीटर
विजेकडे वळू या. "एक जण घरून काम करतो, त्याने जास्त बिल द्यावं" यावर हमखास वाद होतो. आकडे बघा. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण तासभर.

लॅपटॉप ६० वॉट, ८ तास, २२ दिवस: १०.५ युनिट. पंखा ७५ वॉट, तेवढेच तास: १३ युनिट. मिळून २४ च्या आसपास. राउटर १० वॉट पण चोवीस तास: महिन्याला ७ युनिट. आता एसी, सरासरी १ किलोवॉट ओढतो असं धरलं तर ८ तास, २२ दिवस: १७६ युनिट. लॅपटॉपवरून भांडणं व्यर्थ आहे. एसी आणि हीटर यांचा हिशोब वेगळा ठेवला की बाकीचं निम्मं-निम्मं सोडून द्यावं.

गीझरबद्दलही गैरसमज असतो. १५ लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे ०.४४ युनिट लागतं, म्हणजे २००० वॉटच्या गीझरला तेरा-चौदा मिनिटं. नंतर थर्मोस्टॅट वीज तोडतो. चालू विसरला तर टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेपुरतीच वीज जाते, तासाला २ युनिट नाही. बिल फुगतं ते लांबलचक आंघोळींनी.

एसी फक्त एकाच खोलीत असेल तर त्याच्या सॉकेटला प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर लावा. घेताना त्यावरचा अँपिअरचा आकडा बघा, हलका मीटर एसीवर लावला तर वितळतो. भिंतीत थेट वायर केलेल्या एसीला हा लागत नाही, तिथे इलेक्ट्रिशियनकडून डीबीमध्ये (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत) सबमीटर बसवून घ्यावा लागतो, आणि त्याला मालकाची परवानगी हवी.

घरघर
वापर वाढला की पुढच्या युनिटचा दर वाढत जातो अशा बिलात एसीची युनिटं वरच्या दराने धरायची की सरासरीने?

वॉटमीटर
सरासरीने. बिलातून स्थिर आकार बाजूला काढा, तो निम्मा-निम्मा. उरलेल्याला एकूण युनिटांनी भागा. तो दर गुणिले एसीची युनिटं हा एसीवाल्याचा, बाकीचं दोघांचं.

अधिक_उणे
असहमत. एसी नसता तर बिल खालच्या दरातच राहिलं असतं. वाढीव दराचा भार सरासरीत मिसळला की एसी नसलेला मित्र त्याचा काही भाग भरतो. एसीची युनिटं वजा करून बिल किती आलं असतं ते काढा, तेवढंच निम्मं-निम्मं. उरलेलं सगळं एसीवाल्याचं.

वॉटमीटर
तर्काने बरोबर आहे तुमचं. पण ते दर महिन्याला दरपत्रक उघडून करावं लागतं, आणि तिसऱ्या महिन्यात ते काम कोणी करत नाही. ज्याला जमेल त्याने तुमची पद्धत वापरावी.

जमाखर्च
बिलांचं बजेट करताना मालकाकडे किंवा आधीच्या भाडेकरूकडे बारा महिन्यांची बिलं मागा. एक-दोन महिन्यांची बघून काही कळत नाही. समजा सौम्य महिन्यांत बिल भाड्याच्या ६ टक्के येतं, कडक महिन्यांत १५, आणि वर्षाची सरासरी ९. तर दर महिन्याला ९ बाजूला टाकायचे, बिल कितीही येवो. मात्र कडक हंगामाच्या तोंडावर राहायला जात असाल तर ९ ने सुरुवात केल्यास पहिल्या दोन-तीन महिन्यांतच डबा रिकामा होतो. तेव्हा सुरुवातीला १५ ते २० जास्तीचे घालून ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच: यादीतून सुटतात ती वर्षातून एकदा-दोनदा येणारी खाती. एसीची सर्व्हिसिंग, पेस्ट कंट्रोल, सामानाचा विमा, वॉटर फिल्टरचं काडतूस, कराराचं नूतनीकरण, त्या वेळची भाडेवाढ. सगळ्यांची वार्षिक बेरीज भागिले १२.

रुमालवाला
सामाईक खर्चाचा डबा ठेवायचा की ज्याने खर्च केला त्याने लिहायचं?

चांदणचुरा
दोन्ही. जे दर महिन्याला हमखास येतं (इंटरनेट, पाणी, गॅस, साफसफाईचं सामान) त्यासाठी एक तारखेला दोघांनी ठरावीक रक्कम काढून ठेवायची. अधूनमधूनचं शीटमध्ये: तारीख, काय, किती, कोणी. चार रकाने पुरेत. खर्च त्याच दिवशी लिहायचा, पावतीचा फोटो पुरतो. आणि एक मर्यादा ठरवा, उदाहरणार्थ भाड्याच्या ३ टक्क्यांहून मोठी सामाईक खरेदी एकमेकांना विचारूनच.

डब्यात काय नाही तेही लिहा. शांपू, प्रोटीन, स्वतःच्या खोलीतला बल्ब हे ज्याचं त्याचं. हॉलमधला बल्ब डब्यातून.

जमाखर्च
महिनाअखेरीच्या हिशोबात हमखास होणारी चूक सांगतो. एकाने ३४०० खर्च केले, दुसऱ्याने २१००. फरक १३००. दुसरा १३०० पाठवतो, आणि आता तो ३४०० आणि पहिला २१०० असं झालं! पाठवायचे फरकाच्या निम्मे, ६५०. मग दोघेही २७५० वर येतात.

वाटणी ५७:४३ असेल तर "फरकाचे निम्मे" चालत नाही. एकूण ५५००, त्याचे ४३ टक्के २३६५. दुसऱ्याने २१०० भरलेत, तर तो २६५ देणं लागतो. सूत्र एकच: आपला वाटा वजा आपण भरलेले. बाकी अधिक आली तर द्यायचे, उणे आली तर घ्यायचे.

आळशी_बोका
हा १३००वाला घोळ इतक्या घरांत चालू असेल की बोलायची सोय नाही. दर महिन्याला पैसे नुसते इकडून तिकडे.

किल्लीजुडगा
खरेदीबद्दल. मोठी वस्तू कधीही अर्ध्या-अर्ध्या पैशांनी घेऊ नका. फ्रिज एकाचा, वॉशिंग मशीन दुसऱ्याचं, किमती साधारण सारख्या. घर सुटलं की ज्याचं तो नेतो. झिजेची दुरुस्ती ज्याची वस्तू त्याची, आदळआपट केली तर करणाऱ्याची.

भागीत घेतलीच असेल तर बाहेर पडण्याचं सूत्र बिलाच्या पाठीवर लिहून ठेवा. ५ वर्षांचं आयुष्य धरलं, १०० ची वस्तू, २ वर्षांनी उरले ६०, राहणारा जाणाऱ्याला ३० देतो. सेकंडहँड बाजारात ती सहसा ६० ला जाणार नाही, पण राहणाऱ्याला चालू वस्तू घरबसल्या मिळते. बाजारभाव हवा असेल तर तसं आधीच लिहा. जाताना कुठलाही भाव एकाला अन्यायच वाटतो.

पहिल्या रात्री लागतं ते: गादी, दोन बल्ब, बादली, एक्स्टेन्शन बोर्ड, स्वतःचं कुलूप, खिडकीला काहीतरी आडोसा, पकड आणि स्क्रूड्रायव्हर. बाकी सगळं पंधरा दिवस राहून मग घ्या. सोफ्याची जागा रिकाम्या घरात एक वाटते, राहायला लागल्यावर दुसरीच.

मोजल्याशिवाय काही घेऊ नका. दाराची रुंदी चौकटीच्या आतून, आणि दार पूर्ण उघडल्यावर त्याची फळी किती जागा खाते तेही. जिन्याचं वळण. फ्रिजच्या जागेची रुंदी आणि त्याचं दार कुठल्या बाजूला उघडेल. वॉशिंग मशीनला मागे पाईपसाठी दहा सेंटीमीटर लागतात, ते न धरता घेतलं की मशीन ओट्याच्या बाहेर डोकावतं. तिथे नळाला आटे आहेत का आणि ड्रेनेजचं तोंड किती उंचीवर आहे, तेही बघा. पाईप जमिनीवरच सोडला तर काही मशिनांत पाणी भरता भरताच वाहून जातं.

तिरपी_खिडकी
नाजूक विषय. मित्राचा/मैत्रिणीचा जोडीदार आठवड्यातून तीन रात्री मुक्कामाला असतो. त्याचं काय?

घरघर
त्यानेही भाडं द्यावं, तीन भाग.

चांदणचुरा
भाडं खोलीचं असतं, डोक्यांचं नाही. त्याला वेगळी खोली मिळत नाही. बिलं मात्र डोक्यांची. रात्री मोजा: दोघांच्या ३० + ३० आणि पाहुण्याच्या १२, एकूण ७२. ज्याचा पाहुणा त्याच्याकडे ४२, म्हणजे बिलाचे ५८ टक्के. महिन्याला चार-पाच रात्रींपर्यंत मोजूच नका, हिशोबापेक्षा कटकट जास्त.

कलम_सतरा
आणि करारात "राहणाऱ्या व्यक्ती" हे कलम वाचा. पाहुणा सततचा झाला की मालक त्यावर बोट ठेवू शकतो, आणि ते उत्तर दोघांना द्यावं लागतं.

आता निघण्याचं. लॉक-इन काळात (करारानुसार घर सोडता येत नाही त्या काळात) एक जण गेला तर दंड कोणाचा? जाणाऱ्याचा. नोटिशीच्या काळाचं त्याच्या वाट्याचं भाडंही त्याचंच, बदली माणूस आधी आला तर त्या तारखेपर्यंतच. महिन्याच्या मध्यावर निघाल्यास भाडं भागिले ३० की त्या महिन्याचे खरे दिवस, हेही ठरवा. रक्कम लहान असते, पण वाद तेवढाच होतो.

डिपॉझिट. एकूण २०० पैकी ५७:४३ ने ११४ आणि ८६ भरलेत, असं दोघांच्या सहीने लिहा, कारण मालक परत देताना सगळं एकाच खात्यात टाकतो. ८६ वाला निघाला आणि नवा आला, तर नवा पैसे मालकाला देत नाही, जाणाऱ्याला देतो. पण त्याआधी तिघांनी मिळून घर बघायचं. जाणाऱ्याच्या खोलीतली मोडतोड पूर्ण त्याची, सामाईक जागेतली वाट्याप्रमाणे, ती रक्कम ८६ मधून वजा. हे न करता पूर्ण ८६ दिले तर दोन वर्षांनी जुन्याने फोडलेल्या फरशीचे पैसे नव्याच्या खिशातून जातात. शिवाय करारात नव्याचं नाव मालकाच्या सहीने चढलं पाहिजे, नाहीतर त्याने दिलेल्या ८६ ला मालकाच्या लेखी किंमत शून्य.

रुमालवाला
रुमालाची जागा सतरंजीला दिली आहे. वाचनखूण साठवली.

नवखा_भाडेकरू
सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. आता मांडणी अशी:

मोठी खोली मी घेतोय, ५७:४३ ने. पूर्ण भाडं माझ्या पगाराच्या ४८ टक्के, म्हणजे माझा वाटा २७.४ टक्के. डिपॉझिट, दलाली, करार, बिलं, सगळं ५७:४३. फ्रिज मी, मशीन तो. राखीव एक पूर्ण भाडं, माझ्याकडे सध्या त्याच्या दोनतृतीयांश आहे. भाडं देय तारखेच्या तीन दिवस आधी तो मला पाठवेल, मी मालकाला.

चांदणचुरा
बिलं ५७:४३ नकोत, निम्मी-निम्मी. मोठ्या खोलीत राहणारा जास्त पाणी पीत नाही. भाड्याला चिकटलेले खर्च (डिपॉझिट, दलाली, करार) ५७:४३, वापराचे निम्मे. शीटमध्ये दोन वेगळी पानं करा म्हणजे सूत्रं मिसळणार नाहीत.

कलम_सतरा
राखीव पूर्ण होईपर्यंत दोन गोष्टी थांबवता येतील: सोफा आणि टीव्ही. शिवाय मित्राकडून पैसे उशिरा आल्यामुळे विलंबशुल्क लागलं तर ते कोणाचं, ही ओळ आत्ताच लिहा. पैसे पाठवताना शेऱ्यात महिना आणि "भाडं" एवढं लिहिलं तरी वर्षाअखेरीस शोधाशोध वाचते.

नवखा_भाडेकरू
दोन्ही बदल केले. सोफा तसाही दारातून जात नाहीये, मोजून बघितला. शनिवारी किल्ली मिळेल, त्या दिवशी फोटो काढायचे आहेत. भिंतीची ओल, फरशा, कपाटांच्या आतून, नळ, बाथरूमचे कोपरे आणि मीटरचं रीडिंग. अजून काही?

वॉटमीटर
मीटरच्या फोटोत रीडिंगबरोबर मीटरचा नंबरही येऊ द्या, आणि तो बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. एकाच पॅनलवर आठ-दहा मीटर असतात, लोक शेजाऱ्याच्या मीटरचा फोटो काढून येतात. खात्री करायची तर घरातला मेन स्विच बंद करा आणि कोणत्या मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबतो ते बघा. शेजारी कोणी नेमकं त्याच वेळी घराबाहेर असेल तर त्याचाही दिवा अगदी हळू लुकलुकतो, म्हणून स्विच दोनदा चालू-बंद करून बघायचा.